राहिलेली झडती

पोळा जवळ आला की माझ्या घरी दोन गोष्टी होतात. फाटकाशी पळसाच्या फांद्या विकणारी बाई येते आणि अकोल्याहून सुनंदाचा फोन येतो. यंदा दोन्ही एकाच वेळी आलं. मी फांदी निवडत फाटकात उभी आणि आत फोन बोंबलतोय. उचलला तर नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम आरोळी.

"प्रभे, नावं आली वं! पयला नंबर आपलाच हाय!"

पहिला नंबर आपला, यात आनंद कसला ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडे बायकांच्या बास्केटबॉलचा एक व्यावसायिक संघ आहे. त्याचं नाव वऱ्हाड वाघिणी. त्याचे निम्मे घरचे सामने अमरावतीला होतात, निम्मे अकोल्याला. दरवर्षी पोळ्याच्या सुमाराला लीगमधल्या सगळ्या संघांना नव्या मुली निवडायच्या असतात, आणि त्याचा नियम असा, की मागच्या हंगामात जो संघ शेवटचा आला त्याने पहिल्यांदा निवडायचं. म्हणजे पहिला नंबर आपला याचा अर्थ एवढाच, की मागच्या वर्षी आपण शेवटचे आलो. याही वेळी.

माझा मुलगा सुहास पुण्यात असतो. तो म्हणतो, "आई, शेवटून पहिले आल्याचे पेढे वाटणार का?" मी म्हणते, वाटणार. तुझा पत्ता आहे माझ्याकडे.

खरं सांगते, मला या नियमाचं फार कौतुक आहे. मी वीज मंडळाच्या कार्यालयात नोकरी केली. तिथे आणि घरी, सभेत आणि बसमध्ये, जन्मभर एक शब्द ऐकत आले: अनुशेष. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष. समित्या आल्या, चहा पिऊन गेल्या. मागे राहिलेल्याला आधी वाढा, हे साधं म्हणणं कुणाच्या गळी उतरलं नाही. आणि इथे, एका चेंडूच्या खेळात, ते दरवर्षी होतं. मोर्चा नाही, निवेदन नाही. शेवटचे आलात ना, या, आधी तुम्ही निवडा. मी तर म्हणते हा नियम ज्याने काढला त्याला एकदा मुंबईला नेऊन बसवा.

सुनंदाला हा नियम माझ्याहून जास्त आवडतो. त्याचं कारण तिच्या गावच्या पोळ्यात आहे.

आम्ही दोघी अमरावतीला कॉलेजात एकत्र होतो, एकाच वसतिगृहात. चुना टाकून आखलेल्या मातीच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायचो. रिंगेला जाळी नसायची, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून यावर रोज भांडण. सुनंदा मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. पुढे ती अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका झाली आणि तिथेच निवृत्त झाली. तिच्या वडिलांनी छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर देव सोडले, पण बैल सोडले नाहीत. तीन एकर काळी जमीन आणि एक जोडी. पोळ्याला गावाच्या तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या राहत, त्यात पाटलांची मानाची जोडी सर्वांत पुढे आणि सुनंदाच्या वडिलांची सर्वांत मागे. मानाची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय मागच्यांनी पाय हलवायचा नाही. शेवटच्या जोडीची पाळी येईपर्यंत अंधार पडायचा आणि बघणारे घरी पुरणपोळी खायला गेलेले असायचे.

तोरणाखाली जोड्या उभ्या असताना झडत्या म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला झडती म्हटलं की पोलीस आठवतील, म्हणून सांगते. आमच्याकडची झडती म्हणजे बैलांसमोर खड्या आवाजात म्हणायचं दोन-चार ओळींचं यमक. कधी बैलाची तारीफ, कधी मालकाची खोडी, कधी सरकारला टोमणा, सगळं आमच्या बोलीत, जिच्यात 'ळ'चा 'य' होतो. म्हणणारे सगळे पुरुष. शेवटी महादेवाचा गजर होतो. सुनंदाच्या वडिलांनी तो गजर बदलून स्वतःचा शेवट लावला होता: "सरका बाजूले, वाट द्या!" गावाला ते खटकलं. पण झडत्या त्यांच्याइतक्या कुणाला सुचत नव्हत्या, त्यामुळे गाव ऐकूनही घ्यायचं. सुनंदा गोठ्यात बसून त्या पाठ करायची. पोळ्यात म्हणायची सोय नव्हती, पोरीची जात.

"तुमच्यासारख्यायच्या जोडीमागं उभं राहून राहूनच माह्या बापाले झडत्या सुचल्या," ती मला अजून ऐकवते. आमच्या घरची जोडी आमच्या गावात मानाची होती. तिचं खरंच आहे, पुढे उभं राहणाऱ्याला मागचं दिसतच नाही.

तर संघ सुरू झाला तेव्हा सुनंदाने ठरवून टाकलं, की आपल्या संघात आलेली नवी मुलगी पहिल्यांदा मैदानात उतरेल तेव्हा आपण तिची झडती म्हणायची. प्रत्येकीची वेगळी. आणि ती उतरेपर्यंत कुणाला ऐकवायची नाही, मलासुद्धा नाही. आम्ही दहा-बारा बायका, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, गुडघ्यांच्या तक्रारी असलेल्या. पायऱ्यांवर बसायला घरून गोधडीच्या घड्या आणायच्या आणि शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची, असं ठरलं.

मला राहून राहून आठवतो तो दोन वर्षांपूर्वीचा हंगाम. त्या पोळ्याला पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले होते. कपाशीला पिवळी फुलं लागली होती, मुगाच्या शेंगा तोडून झाल्या होत्या आणि हवेत ओल्या पाचोळ्याचा वास होता. त्या वर्षी आमच्या वाट्याला तीन मुली आल्या. लुधियानाची हरजीत, दारातून वाकून येणारी. केरळची ॲनी, काडीसारखी, पण पायात वारं. आणि पहिल्या नंबरावर, सगळ्या लीगच्या आधी निवडलेली, परतवाड्याची रेश्मा.

परतवाड्याची! तुम्हाला कळतंय का? इतकी वर्षं आमच्याकडची चांगली पोरं दुसरेच उचलून नेतात आणि आम्ही वर्तमानपत्रात त्यांचं मूळ गाव वाचून खूश होतो. इथे आम्ही पहिला हात टाकला आणि तो आमच्याच पोरीवर. रेश्माचे वडील चिखलदऱ्याच्या घाटात जीप चालवतात. ती डावखुरी. चेंडू हातात आला की एक क्षणभर थांबायची, रिंगेकडे बघायची, जणू ती जागेवर आहे ना याची खात्री करतेय, आणि मग लांबून असा टाकायची की जाळी फक्त हलायची. विद्यापीठाच्या सामन्यांत आम्ही तिला पाहिलं होतं. सुनंदाने तेव्हाच मला कोपर मारलं होतं.

तिघी अमरावतीला आल्या तो दिवस आमच्या खांदशेकणीचा, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. त्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून पळसाच्या पानाने शेकतात. वर्षभर जू वाहिलेलं असतं ना. आम्ही बायका वाटीत हळद आणि तूप कालवून मैदानाच्या दारात हजर. कोच सर काही म्हणायच्या आत तिन्ही मुलींच्या खांद्यांना चोळून मोकळ्या. हरजीतसाठी स्टूल आणावं लागलं. ॲनीला वाटलं हे इथलं औषध असेल, तिने पायही पुढे केले. रेश्माला सगळं ठाऊक होतं. ती हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, आमी बैल हाओत का?"

"मंग? उद्यापासून जू तुमच्याच खांद्यावर हाय," सुनंदा म्हणाली.

चूक आमची एवढीच झाली, की त्यानंतर लगेच त्यांचा सराव होता हे आम्ही विचारलं नाही. खांद्याचं तूप हाताला, हाताचं चेंडूला, चेंडूचं लाकडी फरशीला. पाच मिनिटांत हरजीतच्या हातातून चेंडू साबणासारखा सुटायला लागला आणि कोच सरांनी जी शिट्टी मारली ती इर्विन चौकापर्यंत गेली असेल. ते नागपूरचे, रागावले की हिंदीत शिरतात. त्यांनी सराव थांबवला आणि आम्हाला गरम पाणी नि फडकी आणायला लावली. दहा-बारा बायका, साड्या खोचून, व्यावसायिक लीगची फरशी पुसतोय. मी वीज मंडळात इतकी वर्षं काढली, पण एवढं मन लावून काम केलेलं मला आठवत नाही.

हिवाळा सुरू झाला, सामने सुरू झाले. त्या हिवाळ्याचा वास माझ्या नाकात अजून आहे. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणारी एसटी, खिडकीतून आत येणारी तुरीच्या शेतांची गार हवा, बोरगाव मंजूच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही कडांना ट्रकमधून उडून पडलेला कापूस. मैदानाबाहेर उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पाटी आणि सांबारवडीची, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वडीची, गाडी. शेंगा सोलत, बोटं खारट करत आम्ही आत शिरायचो. अमरावतीला सामना असला की सुनंदा माझ्याकडे यायची आणि आधी दह्यातला गिला वडा खाल्ल्याशिवाय मैदानाकडे वळायची नाही.

हरजीत पहिल्यांदा उतरली तेव्हा सुनंदा उभी राहिली. साठीची बाई, निळी काठपदराची साडी, वर स्वेटर, कानाला मफलर. हात वर करून तिने आवाज लावला:

"गव्हाच्या देशची आली ज्वारीच्या रानात,
हात केला वर त गेला आभायाच्या कानात,
सरका बाजूले, वाट द्या!"

"वाट द्या!" आम्ही ओरडलो. मागची दोन कॉलेजची टोळकी आधी हसली आणि मग तीही ओरडली. पुढच्या सामन्यात ॲनी:

"नारयाच्या गावाहून आली बारीक पोर,
चेंडू घेऊन पयते जसं दाव्याचं सुटलं ढोर,
सरका बाजूले, वाट द्या!"

लीगवाल्यांनी एक माइकवाला मुलगा ठेवला होता, पुण्याहून आणलेला. ठणाणा गाणी लावायचा आणि मधूनमधून इंग्रजीत किंचाळायचा. तो धावत आमच्याकडे आला. "काकू, प्लीज. टीव्हीवर लाइव्ह जातंय हे. ही बैलांची गाणी इथे नको ना. बरं नाही दिसत."

"बैलाची नाई रे बाप्पा, पोरीची हाय," सुनंदा म्हणाली. "आन बैलाची असती तरी काय वाईट होतं? तुह्या ताटातली पोई काय मोटारीनं उगवली?"

तो गेला, पण पुढच्या वेळी त्याने गाण्यांचा आवाज आणखी वाढवला. आम्ही आमचा वाढवला. त्या हंगामात आमच्या संघाने काय जिंकलं ते विचारू नका. त्या माइकवाल्याला मात्र आम्ही हरवलं.

रेश्माची झडती राहिली होती. पहिल्या सामन्याच्या आधीच, बाहेरगावी सराव करताना तिचा गुडघा दुखावला. लिगामेंट थोडा फाटला. शस्त्रक्रिया नको, पण पाय जपा, डॉक्टर म्हणाले. लगेच लोकांची तोंडं सुटली. पहिला नंबर वाया घालवला. गावची पोर म्हणून घेतली. एकाने तर आमच्या तुपावर ढकललं. अरे शहाण्या, तूप पोळ्याला आणि गुडघा दिवाळीनंतर, मधे दोन महिने ती पोर हरणासारखी पळत होती. पण बोलणाऱ्याला काय.

रेश्मा बेंचवर बसायची. प्रत्येक घरच्या सामन्याला. गुडघ्याला पट्टा, अंगात संघाचा पिवळा शर्ट, हातात दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. संघाशी तिचा करार त्या एका हंगामापुरता होता. हंगाम संपला की कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं ते ठरणार होतं, आणि जी एकदाही मैदानात उतरली नाही तिला कोण ठेवतं? हे तिला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं. सामना संपला की ती लंगडत कठड्यापाशी यायची आणि दरवेळी तेच विचारायची.

"मावशी, माही झडती काय हाय? सांगा ना."

"आता नाई सांगत. पाय लाईनीच्या आत पडल तवा."

"अन पडलाच नाई त?"

"काहून नाई पडणार? मी केली हाय झडती. वाया जाते का?"

मग सुनंदा परिचारिका व्हायची. वाक, सरळ कर, दुखते का, इथं? बैलाचे खांदे शेकायला सगळं गाव उठतं, हिचा गुडघा शेकायला कोण आहे, असं कोच सरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायची. एकदा मी विचारलं, तुला खरंच वाटतं ती खेळेल? सुनंदा बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "माहा बाप दरसाली शेवटच्या नंबरावर जोडी उभी करे. दरसाली नवी झडती घेऊन जाये. आयकाले कोणी राहत नोतं. तरी नवी नेये." मग तिने पर्समधून शेंगा काढल्या आणि आम्ही मूर्तिजापूर येईपर्यंत खात राहिलो.

मी तेव्हापासून या गोष्टीचा विचार करते. आम्हाला लोक भाबडे समजतात. नव्या पोरी आल्या की या बायका नाचतात, मग संघ हरतो, मग पुन्हा पोळ्याला नाचतात. सुहासही तसंच समजतो. त्याला वाटतं आईला आकडे कळत नाहीत. मला आकडे चांगले कळतात, बाबा. आपण हरतोय हे मला टीव्हीवाल्याच्या आधी कळतं. पण हरणाऱ्याने आशा करायची की नाही हे जिंकणाऱ्याने का ठरवावं? आमच्या आशेला कुणाच्या परवानगीचा शिक्का लागत नाही. ती आमच्या घरची आहे, आम्ही ती गोधडीत गुंडाळून आणतो आणि पायऱ्यांवर पसरून बसतो.

शेवटचा घरचा सामना अकोल्याला होता, माघ संपताना. दुपारी ऊन चटके द्यायला लागलं होतं. अकोल्याचं ऊन कुणाची वाट बघत नाही. रेश्माचा पट्टा निघाला होता. तिने आमच्यासमोर सराव केला होता, डाव्या हाताने लांबून टाकलेले चेंडू जाळीतून गेले होते. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. सामना आम्ही तसाही हरत होतो, म्हणजे तिला उतरवायला हरकत काहीच नव्हती. शेवटच्या भागात आम्ही "रेश्मा, रेश्मा" सुरू केलं. सगळं मैदान करायला लागलं. ती जॅकेट काढून बसली होती, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधत होती. कोच सर एकदा संघाच्या व्यवस्थापकाकडे बघायचे, एकदा घड्याळाकडे. व्यवस्थापकाने होकार दिला नाही. भोंगा वाजला. सामना संपला. ती नाड्या बांधलेले पाय जवळ घेऊन तशीच बसून राहिली.

आमच्यातल्या एकीला रडू फुटलं. ती म्हणाली, "सुनंदा, म्हणून टाक वं झडती. इथूनच म्हण. तिले आयकू त जाऊ दे."

सुनंदाने नकारार्थी मान हलवली. "बसलेल्या बैलाले झडती म्हणत नाईत. तिले उभं राहू द्या. मी थांबतो."

होळीच्या आधी, पळस लाल फुलला होता तेव्हा बातमी आली. हरजीत आणि ॲनी राहिल्या, रेश्माला सोडलं. संघाच्या मालकांनी पेपरवाल्याला सांगितलं, संघ भावनेवर चालत नाही. मी तो पेपर वाचला आणि चहा गार होईपर्यंत हातात धरून बसले. मग कशावर चालतो? उन्हातान्हात एसटीने येऊन पायऱ्या भरणाऱ्या बायकांच्या भावनेवर नाही, तर कशावर? मला इतका राग आला होता की मी मालकांना पत्र लिहायला घेतलं. मग वाटलं, पत्र लिहिणं हेच जन्मभर केलं. फाडून टाकलं.

रेश्माला पुण्याच्या संघाने घेतलं. अर्थातच. सुहास फोनवर म्हणाला, "चला, आता तुमची मुलगी आमची झाली." मी फोन ठेवला.

पुढच्या पोळ्याला मी सुनंदाला म्हटलं, या वर्षी जायचं नाही. मालकांना कळू दे. ती म्हणाली, "नव्या पोरीयनं काय केलं आपलं? त्यायच्या झडत्या कोण म्हणल?" म्हणून गेलो. हळद घेऊन गेलो, तूप न घालता. नव्या तिघींना पोळ्याच्या जेवणाचं आवतन दिलं, झडत्या म्हटल्या, घसे बसवले. पण सुनंदाच्या डोक्यात एक झडती तशीच होती आणि ती कुणाला ऐकवत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचा संघ अमरावतीला आला.

त्या दिवशी आमची नेहमीची जागा भरून वर आणखी लोक आले होते. परतवाड्याहून दोन जीपा भरून माणसं आली होती, एकीच्या चाकाशी रेश्माचे वडील. त्यांना कळत नव्हतं की कुठल्या बाजूला बसावं. मी त्यांना हाताला धरून आमच्यात बसवलं. आमच्या संघाची पिवळी ओढणी मी खांद्यावरून काढली नाही. संघ माझाच होता, मालक काही म्हणोत.

पूर्वार्धात ती बेंचवर होती. उत्तरार्धात पुण्याच्या कोचने तिच्या खांद्यावर थाप मारली. ती उठली, जांभळा शर्ट खाली ओढला, आणि रेषेच्या आत पाय टाकला. उजवा आधी, दुखावलेला.

सुनंदा उभी राहिली.

माइकवाला तोच मुलगा होता. त्याचा हात गाणं लावायला गेलेला मी पाहिला. मग त्याने आमच्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. सगळ्या मैदानात एकदम सामसूम झाली. सुनंदाने मफलर काढून माझ्या मांडीवर टाकला.

"चिखलदऱ्याच्या घाटामंधी धुकं दाट,
परतवाड्याच्या पोरीची पायत होतो वाट,
मानाच्या जोडीनं घेतली आदी धाव,
मागून आली तिचं आता इचारा नाव!"

"रेश्मा!" अख्खं मैदान ओरडलं. कुणी शिकवलं नव्हतं. जागाच तशी ठेवलेली होती त्या ओळीत.

"सरका बाजूले..."

"वाट द्या!"

आमच्या संघाचा व्यवस्थापक लालबुंद होऊन पायऱ्यांपाशी आला. "अहो काकू, काय करताय? ती त्यांची खेळाडू आहे!"

"त्यायची कशी?" सुनंदाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पयल्या नंबरावर तिले आमी निवडलं."

रेश्माच्या हातात चेंडू आला. ती थांबली. रिंगेकडे बघितलं, जागेवर आहे ना, आणि डाव्या हाताने लांबून टाकला. जाळी फक्त हलली. आमच्याविरुद्ध झाली ती बास्केट, गुण पुण्याच्या नावावर लागले. आम्ही सगळ्या उभ्या राहिलो. रेश्माचे वडील टाळ्या वाजवायचे विसरून स्टिअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून उभे होते. आमची हरजीत, जिच्या डोक्यावरून तो चेंडू गेला होता, ती मागे वळून हसत होती.

सामना आम्ही हरलो. हे सांगायला हवं म्हणून सांगते.

भोंगा झाल्यावर रेश्मा धावत कठड्यापाशी आली. लंगडत नाही, धावत. घामाने निथळत होती. "मावशी, एवढी मोठी होती? मले वाटलं दोन ओयीची असंल."

"दोनच ओयीची होती," सुनंदा म्हणाली. "तू उशीर केला, मंग वाढली."

रेश्माने जांभळा शर्ट सरकवून खांदा पुढे केला. "हळद आणली का? तूप नका लावू, आमचे कोच लय ओरडतात."

सुनंदाच्या पर्समध्ये कागदाची पुडी होती. मला ठाऊक नव्हतं ती रोज घेऊन फिरते. तिने बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं, हळद कालवली आणि खांदा सोडून कठड्याच्या गजांमधून हात घातला. खाली वाकून तिने ती रेश्माच्या गुडघ्याला लावली. रेश्माचा चेहरा मला दिसत नव्हता, तिने तो सुनंदाच्या डोक्यावर टेकवला होता.

मी घरी येऊन चपला काढते न काढते तोच सुहासचा फोन. "आई, तू टीव्हीवर दिसलीस! तुमची टीम हरतेय आणि तू उभी राहून टाळ्या वाजवतेस? नक्की कुणाच्या बाजूची आहेस तू? एक तर ठरव."

माझा घसा पार बसला होता. तरी मी आवाज लावला.

"सरक बाजूला," मी म्हटलं. "वाट दे."